पवनीच्या दगडाखाली दिलेली माफी

मिलिंद,

मी तुला माफ केलं होतं. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक तीच. तू मान खाली घालून, हातातल्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत माफी मागितलीस, आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे बे. झालं ते झालं." तुझा चेहरा इतका हलका झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मग तू डबा माझ्याकडे सरकवलास आणि उरलेला पानगा मी खाऊन टाकला. माफ करण्यासारखं तू काही केलेलंच नव्हतं. हे तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आंधळगावात सध्या लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. तुझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर अजून कोणीतरी बंद पडलेला फोन घेऊन येतं, कुलूप बघतं आणि थोडा वेळ तिथेच उभं राहतं. तुझं चांगलं सांगायला गाव आहे. मला सांगायचंय ते गावाला माहीत नव्हतं. ते आपल्या भटकण्यापासूनच सांगावं लागेल, कारण आपलं जे बरं झालं ते रस्त्यावर झालं, आणि जे वाईट झालं तेही तिथेच.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा तुटला तेव्हा आपण कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलो होतो. टपरीवर आपला तो गोंदियाकडचा मित्र पाय लांब करून बसला होता. "नवेगावबांध आमच्याकडे आलं, नागझिरा आमच्याकडे, हाजरा फॉल आमच्याकडे. तुमच्याकडे उरलं काय? पितळेची गंज-पातेली." सगळे हसले. तू कप खाली ठेवलास. "उरलं ते आपण पाह्यलं कुठं हाये? आधी पाहून घेऊ, मंग रडू."

तिथल्या तिथे तू नियम करून टाकलास. सुट्टीच्या दिवशी निघायचं, पण भंडारा जिल्ह्याची नवी हद्द ओलांडायची नाही. माझी जुनी स्कूटर, मागे तू, तुझ्या मांडीवर पिशवी. पिशवीत कणीक, वांगी, तिखटमीठ, भाजी शिजवायला एक छोटा गंज, आणि पाण्याच्या दोन मोठ्या कॅन. गोवऱ्या वाटेतल्या गावात मागून घ्यायच्या, पळसाची पानं रानात होतीच. कणकेचे गोळे पानात दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर पानगे भाजायचे हे काम तुझं, कारण माझे बाहेरून जळायचे आणि आतून कच्चे राहायचे.

पहिली खेप आंबागडची. मी भराभरा चढलो. बुरुजावर पोचून मागे वळून पाहिलं तर तू अर्ध्यात एका धोंड्यावर बसून पाणी पीत होतास. थोडं चढायचास, बसायचास, पाणी प्यायचास. मी वरून ओरडलो, "का बे, टँकर! येतेस, का गावाले पाणी वाटून रायला?" तू हात हलवलास. तेव्हापासून तुझं नाव टँकर पडलं. मी ते नाव ऑफिसात सांगितलं, मित्रांत सांगितलं. पुढे तुझ्या दुकानात येणारे लोकही तुला टँकरभाऊ म्हणायला लागले. मला माझ्या विनोदाचा अभिमान वाटायचा.

वर आल्यावर तू गड पाहिलाच नाहीस. एक शेळ्या राखणारा म्हातारा भिंतीच्या सावलीत बसला होता. त्याच्याजवळ जाऊन तू विचारलंस, "बाबाजी, इथं पाहासारखं काय हाये?"

मी कपाळावर हात मारला. गडावर उभा राहून हा काय प्रश्न? पण म्हातारा विचारात पडला. "गड तं असाच पडून रायला बापा. पाहाचंच असन तं पलीकडच्या उतारावर जा. मोहाच्या बुडातून कडुनिंब निघाला हाये. दोघं एकमेकायले धरून हायेत."

तू निघालास. मी म्हणालो, "अबे, एवढा गड सोडून झाड पाहाले चालला?"

"गड कुठं पळून जाते? झाड मरन एखाद्या दिवशी."

त्या झाडाखाली आपण पानगे भाजले. खरं सांगतो, त्या दिवसातलं मला गडाचं काही आठवत नाही. झाड आठवतं.

मग तो प्रश्न तुझी सवयच झाली. चांदपूरच्या तलावाच्या पाळीवर उभा राहून तू एका कोळ्याला विचारलंस तर त्याने दुपारच्या वेळी तलावातून रेडकासह पोहत पलीकडे जाणारी त्याची म्हैस दाखवली. चिखल्याच्या खाणीकडे एका ट्रक ड्रायव्हरने आपल्याला मँगनीजच्या मातीचा ढीग दाखवला, ऊन कलल्यावर काळा चमकणारा. तू त्यातला एक खडा खिशात टाकलास आणि तुझ्या शर्टाचा खिसा कायमचा काळा झाला. कुठे प्रतिध्वनी देणारी विहीर, कुठे शेंडाच नसलेलं ताडाचं झाड. करडीला एका बाईने सांगितलं, "पाहासारखं काई नाई भाऊ, पण माह्या घरचा पोपट आरती म्हंते." आपण गेलो. पोपट झोपला होता. तू त्याच्या उठण्याची वाट पाहत तिच्या अंगणात बसलास आणि मी बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजवत राहिलो.

आणि नागझिऱ्याचं भांडण. ते आपलं कधीच मिटलं नाही. मी म्हणायचो, एकदा जाऊ, वाघ पाहू. तू म्हणायचास, जंगल त्यांच्यात गेलं. मी म्हणायचो, साकोलीकडचं गेट तर आपल्यात आहे. तेव्हा तू तोडगा काढलास: गेटपर्यंत जायचं, चहा प्यायचा, आत डोकावायचं आणि परत. आपण खरंच तसं केलं, मिलिंद, एकदा नाही, वर्षानुवर्षं. गेटवरचा माणूस आपल्याला ओळखायला लागला. "आजबी आत नाई का साहेब?" तू म्हणायचास, "गेट आमचं, वाघ त्यायचा. आमी आमचं पाहून चाललो."

माझं लग्न तुझ्या बहिणीशी, सुनंदाशी, तूच ठरवलंस. मित्राचा मेव्हणा झालास. विहारात लग्न लागलं तेव्हा तुझी आई एका कोपऱ्यात बसून होती. सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या, ती नुसती तुझ्याकडे पाहत होती. तुझी हाडं दुखतात हे मला माहीत होतं. कधी हात सुजायचे, कधी दोन दोन दिवस तू खाटेवरून उठायचा नाहीस. "वात हाये," तू म्हणायचास. "लहानपणापासून हाये." मी पुढे काही विचारलं नाही. आपल्याला मित्राच्या दुखण्यापेक्षा मित्राची सोबत हवी असते, आणि तू तर बरा झालास की लगेच पिशवी घेऊन हजर व्हायचास.

आम्हाला प्रज्ञा झाल्यावर स्कूटरची मोटरसायकल झाली, पण नियम तोच राहिला. तू तिला खांद्यावर घ्यायचास. तीही बोलायला लागल्यापासून दिसेल त्याला विचारायची, "बाबाजी, इथं पाहासारखं काय हाये?" तुझ्यासारखंच मान तिरपी करून.

मग गायमुख.

थंडीचे दिवस होते. झऱ्याचं पाणी इतकं गार की पाय घालून बाहेर काढला तर लाल व्हायचा. आम्ही सगळे अंघोळ करून बसलो होतो. तू काठावर बसून प्रज्ञाच्या डोक्याला टॉवेल गुंडाळत होतास. मी म्हणालो, "टँकर, एवढं पाणी पितेस, कधी अंगावर बी घे." तू म्हणालास, "नको बे, मले गार पाणी सोसत नाई." सुनंदानेही मला डोळ्यांनी नको म्हटलं. मी तिकडे पाहिलं नाही. मागून येऊन तुला दोन्ही खांद्यांनी धरलं आणि कुंडात ढकललं. तू बाहेर यायचा प्रयत्न करत होतास तेव्हा मी तुझं डोकं पुन्हा दाबलं. प्रज्ञा टाळ्या वाजवत होती. मी तिच्यासाठी ते आणखी एकदा केलं.

परतीच्या वाटेवर तू माझ्या मागे बसून कण्हायला लागलास. आधी हळू, मग मोठ्याने. मी म्हणालो, "नाटकं नको करू." तू म्हणालास, "प्रकाश, गाडी थांबव." मी थांबवली नाही. थोड्या वेळाने तू माझ्या पाठीला कपाळ टेकवलंस आणि आवाज बंद केलास. मला वाटलं, बरं झालं, शहाणा झाला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. जन्मापासूनचं आहे. ह्यांना एवढ्या गार पाण्यात उतरवलं कोणी?"

पहिली दोन वाक्यं मी ऐकली. तिसरं ऐकू आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. खाटेवर तू अंगाची गाठ करून पडला होतास, दात आवळून, आणि मी व्हरांड्यात उभा राहून रागाला जागा शोधत होतो. ती मला पटकन सापडली. हे ह्यांना माहीत होतं. बहीण देताना सांगितलं नाही. आता माझ्या पोरीच्या रक्तात काय असेल? एवढं मनात आल्यावर कुंड, माझे हात, तुझं डोकं, सगळं मागे पडलं. तुझ्यावर रागावलो की मला माझ्याकडे पाहावं लागत नव्हतं.

तू बरा झाल्यावर आपण पवनीला गेलो. ठरलेली सहल होती, जीप करून. तुझी आई, माझे मोठे भाऊ, वहिनी, सगळे. टेकडीवर जुन्या स्तूपाच्या विटा पाहायला सगळे चढत होते, आई पुढे, पदर सावरत. तू खाली थांबलास. भाऊंनी विचारलं, "मिलिंद काहून नाई येऊन रायला?"

मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कसा येईन? सडकं रक्त हाये त्याचं. सिकलसेल. पोरगी द्याच्या वेळेस लपवलं यायनं. आता माह्या पोरीत बी घातलं असन."

आई तिथेच खाली बसली. "जवाई," ती म्हणाली, "सांगतलं असतं तं पोरीचं लगन झालं नसतं. म्हून मी..."

खालून तू ओरडलास, "मायनं नाई. मी नाई सांगतलं. जे बोलाचं ते मले बोल."

मी तुला बोललो. काय बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तिथे जे होते त्यांना ते पाठ आहे. सुनंदा प्रज्ञाचे कान झाकून उभी होती. परत येताना जीपमध्ये कोणी तुझ्या शेजारी बसलं नाही. माझी पोरगी तुझ्याकडे जायला रडत होती आणि मी तिला धरून ठेवलं होतं.

पुढे सरकारी तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा आम्ही तिघांनी रक्त दिलं. निकाल घ्यायला मी एकटा गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे समजावलं. आजारी माणसाला हे आई आणि बाप दोघांकडून मिळालेलं असतं. एकाकडूनच मिळालं तर माणूस नुसता वाहक. त्याला त्रास नाही, फक्त त्याच्याकडून पुढे जाऊ शकतं. "मुलगी वाहक आहे," तो म्हणाला. "काळजी करू नका. लग्नाच्या वेळी मुलाचं रक्त तेवढं तपासा."

"तिच्या आईकडून आलं," मी म्हणालो.

"नाही, मॅडमचं रक्त एकदम चांगलं आहे. तुमच्याकडून आलंय. तुम्ही वाहक आहात." आणि मला बरं वाटावं म्हणून तो पुढे म्हणाला, "मॅडममध्ये नाही ना, म्हणजे तुम्हाला आणखी मुलं झाली तरी कोणाला आजार होणार नाही. बिनधास्त राहा."

घरी भाऊ वाट पाहत बसले होते. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात. भाऊंनी विचारलं, "काय निघालं?"

मी म्हणालो, "पोरीत हाये. तिकडूनच."

बस, एवढंच. तिकडूनच. मिलिंद, मी त्यावर काही रचलं नाही, कोणाला पटवावं लागलं नाही. तुझ्या घरात आजार होता, मग तुझ्या बहिणीच्या रक्तात तो असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. डॉक्टरला विचारावं असंही कोणाला वाटलं नाही. मी फक्त त्यांच्या समजुतीवर होकार दिला. सुनंदा आत गेली आणि पोळ्या करायला लागली. तिच्या तव्यावरची एक पोळी जळून काळी झाली आणि तिने ती माझ्या ताटात नाही, स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

आम्हाला दुसरं मूल नको असं तिनेच ठरवलं. "माह्यामुळे अजून एक कायले बिघडवाचं," ती म्हणाली. मी नको म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. बिनधास्त राहा, असं मला कोणीतरी सांगितलेलं होतं, आणि मी ते तिला सांगू शकत होतो, पण त्यासाठी आधी दुसरं एक वाक्य सांगावं लागलं असतं.

तू आमच्याकडे येणं बंद केलंस. तुझ्यासाठी आलेल्या स्थळाला तू नाही म्हणालास. मध्यस्थाने मला येऊन सांगितलं, "साळा तुमचा म्हंते, माह्या रक्तानं एक पोरगी बिघडली, तेवढं पुरे." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

पण प्रज्ञाच्या वाढदिवसाला दरवर्षी पाण्याची एक बाटली यायची. कधी तू कोणाच्या हाती पाठवायचास, कधी दारात ठेवून जायचास. लाल, हिरवी, मग स्टीलची, मग ती जाड, थंड पाणी थंड ठेवणारी. पण आत कोमट पाणी भरायचं, असं तू तिला बजावलं होतंस. "पोरीनं पाणी पीत राह्यलं पायजे," एवढाच तुझा निरोप. सतत पाणी आजारी माणसाला लागतं, वाहकाला त्याची गरज नसते, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो गप्प होता. मी त्या बाटल्या अलमारीवर ठेवायचो. प्रज्ञा मोठी झाल्यावर तिने त्या सगळ्या काढून घासल्या आणि वापरायला लागली. कॉलेजात तिला टँकर म्हणतात.

शेवटची भटकंती तुझ्या बोलावण्यावरून झाली. इतक्या वर्षांनी तुझा फोन आला, "पवनीकडे जाऊन येऊ का? तिथं ते जुने गोटे हायेत, तीन उभ्या दगडायवर एक आडवा. आपण पाह्यलेच नाई." मला वाटलं, आता सांगता येईल. सांगायच्याच विचाराने निघालो.

शेतात तो दगड उभा होता. खूप जुन्या काळी माणसं पुरून त्यावर असे दगड ठेवत, असं तू वाचलं होतंस. बाजूला एक बाई विळ्याने तूर सोंगत होती. तू काठी टेकत तिच्यापर्यंत गेलास. आता तू थोडं चाललास तरी थांबायचास. "बाई, इथं पाहासारखं काय हाये?"

तिने तुझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. "गोटे पाहाले आले तुमी आन मलेच इचारता? सावली हाये तिथं. बसा."

आपण त्या आडव्या दगडाच्या सावलीत बसलो. घरून भाजून आणलेले पानगे तू काढलेस. तुझे हात सुजलेले होते. तुझ्या डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं होतं. तू म्हणालास, "प्रकाश, मले एक बोलाचं होतं. पवनीलेच बोलाचं होतं म्हून इथं आणलं तुले."

मी म्हणालो, "बोल."

"लगनाच्या आधी सांगाले पायजे होतं मी. तू माहा दोस्त होता. माय नको म्हणे, पण मी सांगू शकत होतो. तुह्या पोरीचं माह्यामुळे झालं. सुनंदाचं बी. मले माफ कर. आता फार दिवस नाई राह्यले, म्हून म्हंतो."

ती वेळ होती. ह्यापेक्षा चांगली वेळ मला कोणी देऊ शकलं नसतं. तू, मी, आणि एक बाई लांब तूर सोंगत होती. जीभ उचलली की झालं असतं. पण मला वाटलं, हा माणूस आता शांत व्हायला आलाय, ह्याला कशाला त्रास द्यायचा? मी स्वतःला असंच समजावलं. खरं असं की तू माझ्यासमोर वाकला होतास आणि मला ते सोयीचं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे बे. झालं ते झालं." आणि तुझा पानगा खाल्ला.

परतीच्या वाटेवर तू गाणं गुणगुणत होतास.

नागपूरच्या दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी होती. सुनंदा तुझे पाय दाबत होती. तू मला जवळ बोलावून म्हणालास, "नागपूर आपल्या नियमात बसत नाई बे." मी हसलो. तूही हसायला गेलास आणि खोकला आला. तुझी छाती भरत चालली होती. सुनंदा शेजारी होती म्हणून मी बोललो नाही. सुनंदा नसती तर तू थकला आहेस म्हणून बोललो नसतो. तू गेलास तेव्हा मी खाली चहा प्यायला गेलो होतो.

तुला पोचवून आल्यावर काही दिवस गेले. मग एका सकाळी सुनंदा भाजी निवडत होती. प्रज्ञाने तुझी पहिली बाटली शोधून काढली होती, ती लाल, झाकण तुटलेली, आणि ती ओट्यावर ठेवून ती रडत होती. सुनंदा म्हणाली, "गेला बिचारा. पण तुमी त्याले माफ केलं, हे लई चांगलं केलं. त्यानं मले दवाखान्यात सांगतलं. शांत झाला होता तो."

मी तिला सांगितलं. पहिल्यापासून. शिबिर, तो माणूस, तिकडूनच.

तिने भाजी निवडणं थांबवलं नाही. प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती, जणू मला पहिल्यांदाच पाहत आहे. मग सुनंदा म्हणाली, "म्हंजे दुसरं पोर होऊ शकत होतं."

मी हो म्हणालो.

"मले नका सांगू," ती म्हणाली. "पवनीले सगळ्यायसमोर बोलले होते नं? सगळ्यायसमोरच सांगा."

आंधळगावला तुझ्या पुण्यानुमोदनाला अंगणात मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली. तुझा फोटो, फुलं, मेणबत्त्या. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. कोणी तुझ्या प्रश्नाची गोष्ट सांगितली, कोणी त्या पोपटाची. लोक रडता रडता हसले. माझे भाऊ पहिल्या रांगेत होते. तुझी आई फोटोच्या बाजूला खुर्चीत. तिला आता कमी ऐकू येतं.

मी उठलो. घरून वाक्यं ठरवून आणली होती, शुद्ध, सभेत बोलतात तशी. मी म्हणालो, "दिवंगत मिलिंद यांच्या बाबतीत माझ्याकडून एक असत्य कथन झालं, त्याबद्दल मी दिलगिरी..."

तुझ्या आईने कानामागे हात धरला. "का म्हणून रायले जवाई? मले ऐकू नाई आलं. मोठ्यानं सांगा."

भाऊ पुढे वाकून कुजबुजले, "अबे, आता कायले? गेला तो. बस खाली."

मांडवाच्या मागच्या बाजूला सुनंदा उभी होती. तिने मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत. प्रज्ञाच्या हातात ती लाल बाटली होती.

मी आईच्या खुर्चीजवळ गेलो, खाली बसलो नाही, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिलो, आणि आंबागडच्या बुरुजावरून तुला हाक मारली होती त्या आवाजात ओरडलो, "माय, पोरीत जे हाये ते माह्या रक्तातून आलं. सुनंदाचं रक्त चांगलं हाये. मले तवाच माईत होतं. मिलिंदनं काईच नाई केलं, आन तरी त्यानं माही माफी मागतली, आन मी त्याले माफ केलं म्हणालो. मी खोटं बोललो, माय. गायमुखले त्याले पाण्यात मीच दाबलं. मी मिलिंदची माफी मागतो. तुमची मागतो. सुनंदाची मागतो. पोरीची मागतो."